टेबल सॉसाठी घरी काय बनवावं आणि कुठल्या क्रमाने

एका तरुण मित्राने विचारलंय : “दहा बाय चौदा फुटांची शेड आहे. नुकतीच दहा इंची पोर्टेबल टेबल सॉ (टेबलातून वर येणाऱ्या गोल पात्याचं कापायचं मशीन) घेतली. देव्हारे, पेट्या, स्टुलं अशी लहान कामं करतो. सॉबरोबर आलेला मायटर गेज (आडवा काप घेताना लाकूड धरून टेबलाच्या खाचेत सरकणारा आधार) डुगडुगतो आणि प्लास्टिकच्या पुश स्टिकने काही नीट ढकलता येत नाही. घरी काय काय बनवता येईल, आधी काय बनवू, की तयार ॲल्युमिनियमच्या वस्तू घेणं बरं?”

दादा, तयार वस्तूंवर आत्ता एक रुपयाही घालू नका. तुमच्या शेडमध्ये प्लायचे जे तुकडे पडले असतील त्यातूनच निम्म्या वस्तू होतील. पण क्रम पाळा. हात पात्यापासून लांब ठेवणाऱ्या आणि लाकूड ताब्यात ठेवणाऱ्या वस्तू आधी, माप अचूक करणाऱ्या नंतर. बहुतेक नवे लोक उलट करतात. पहिल्याच रविवारी मोठा देखणा स्लेड, म्हणजे लाकूड वर ठेवून पात्याकडे सरकवायची पाटी, बनवायला घेतात आणि दोन इंची पट्टी मात्र बोटांनी ढकलत राहतात.

मी कुडाळला काम करतो. सागवान, फणस, किंजळ आणि भरपूर प्लाय असं सगळं या मशीनवरून जातं. सुरुवातीच्या दिवसांत एकदा फूटभर चौरस प्लायचा तुकडा फेन्सला (पात्याला समांतर उभ्या आधारपट्टीला) लावून कापत होतो, रायव्हिंग नाइफ (ती काय ते पुढे सांगतो) काढून ठेवलेली. तुकडा शेवटाला किंचित फिरला, त्याचा कोपरा पात्याच्या मागच्या दातांना लागला आणि काय झालं ते कळायच्या आत तो माझ्या कमरेला घासून मागच्या पत्र्यावर आदळला. पत्र्याला पडलेला खळगा अजून तसाच आहे. नव्या मुलाला कामावर घेतलं की मी आधी तो खळगा दाखवतो, मशीन नंतर.

हे का होतं ते एकदा नीट समजून घ्या, म्हणजे प्रत्येक वस्तू का बनवायची ते आपोआप कळेल. पात्याचे पुढचे दात लाकूड खाली टेबलावर दाबतात. मागचे दात मात्र खालून वर येत असतात. लाकूड त्यांना टेकलं की ते उचललं जातं आणि तुमच्या दिशेने फेकलं जातं. २५४ मिमी व्यासाचं पातं मिनिटाला ३,६५० फेरे घेत असेल तर दाताचा वेग ताशी सुमारे १७५ किलोमीटर होतो. तुमच्या मशीनवरचे फेरे थोडे कमी-जास्त असतील, तरी धडकी भरायला तेवढं पुरे. रायव्हिंग नाइफ म्हणजे पात्याच्या मागे उभी असलेली पातळ पट्टी. ती कापलेली चीर मिटू देत नाही आणि लाकूड मागच्या दातांवर सरकू देत नाही. तुमच्या मशीनला ती आहे, तर ती काढायची नाही. फक्त पूर्ण आरपार नसलेल्या काही कापांसाठी काही मशीनवर ती काढावी लागते. तेवढं झालं की लगेच परत लावायची.

आता पहिली वस्तू, पुश ब्लॉक. आमच्याकडे त्याला नुसतं ‘रंधा’ म्हणतात, कारण मूठ रंध्यासारखी असते. १८ मिमी प्लायचा साधारण ३०० मिमी लांब, १२० मिमी उंच तुकडा घ्या. मागच्या बाजूला हात बसेल अशी मूठ कापा आणि तिच्या कडा कानशीने, पॉलिश पेपरने अगदी गुळगुळीत करा. खालच्या सपाट तळाच्या मागच्या टोकाला दोन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) खाली येणारी टाच ठेवा. ही टाचच लाकूड पुढे ढकलते आणि पुढचा लांब तळ लाकूड खाली दाबून ठेवतो. सॉबरोबर मिळणारी पुश स्टिक फक्त मागून ढकलते, वरून दाबत नाही. म्हणून ती तुमच्या हातात बरोबर वाटत नाही. टाच वेगळ्या लाकडाची, सरकवून बसवता येईल अशी ठेवली तर झिजल्यावर किंवा पात्याने खाल्ल्यावर बदलता येते. लोखंडी खिळा किंवा स्क्रू तळाच्या जवळपास नको, चिकटवायला फेविकॉलच पुरे. आणि एक नाही, एकदम तीन बनवा. त्यातले दोन शेडमध्ये कुठेतरी हरवतात, एक तरी हाताशी असतो. वरचं गार्ड लावलेलं असताना अरुंद पट्टीला हा ब्लॉक आत जात नाही. तिथे लांब चोचीची पुश स्टिक लागते, तीही १२ मिमी प्लायची घरीच कापा.

आणखी एक गोष्ट, ही बनवायची नाही, काढायची आहे : गळ्यातला घामाचा टॉवेल. आपल्याकडे उन्हाळ्यात प्रत्येक सुताराच्या गळ्यात तो असतो. मशीन चालू करण्याआधी खुंटीला अडकवा. हातमोजेही नकोत.

दुसरी वस्तू पात्याभोवतीची झाकणपट्टी, म्हणजे इन्सर्ट. मशीनबरोबर येणाऱ्या पट्टीची फट रुंद असते. त्यातून बारीक पट्ट्या आत पडतात, अडकतात आणि प्लायच्या खालच्या बाजूचं व्हिनियर उपटतं. घरी बनवलेल्या इन्सर्टची फट पात्याएवढीच असते, त्यामुळे लाकडाच्या तंतूंना अगदी कडेपर्यंत खालून आधार मिळतो. मी हे हायलमचं बनवतो. इलेक्ट्रिकच्या सामानाच्या दुकानात पॅनेलसाठी मिळतं ते, तपकिरी किंवा काळं. ते सपाट राहतं, पावसाळ्यात फुगत नाही, लाकूड त्यावरून छान सरकतं. त्याची धूळ मात्र घशाला वाईट, मास्क लावूनच कापा.

मूळ इन्सर्ट दुहेरी टेपने हायलमवर चिकटवा, आकार आखून थोडा बाहेरून कापा आणि शेवटी कानशीने खाचेत घट्ट बसेपर्यंत घासा. पोर्टेबल मशीनवर इन्सर्ट बसायची पायरी फार उथळ असते, म्हणून जाडी आधी मोजा. जाड शीट असेल तर कडेने खालून राउटरने (चर पाडायच्या मशीनने) पायरी पाडावी लागते. उंची जुळवायला खालून एम-सीलचे चार ठिपके द्या आणि सुकल्यावर कानशीने उतरवा. नियम एवढाच : पुढची कड टेबलापेक्षा वर नको आणि मागची कड टेबलापेक्षा खाली नको. तसं नसेल तर लाकूड त्या कडेला अडकतं, तेही नेमकं पात्याजवळ.

फट पाडताना पातं पूर्ण खाली घ्या, इन्सर्ट बसवा, वर एक जाड सरळ ठोकळा आडवा ठेवून दोन्ही टोकांना टेबलाला क्लॅम्प करा. ठोकळा पात्याच्या बरोबर वर येऊ देऊ नका, जरा बाजूला ठेवा. मशीन चालू करून पातं हळूहळू वर चढवा. पातं सगळं खाली असूनही इन्सर्टला टेकत असेल तर जबरदस्ती करू नका. खालच्या बाजूने आधी उथळ चर पाडून घ्या. नंतर मशीन बंद, प्लग बाहेर, आणि रायव्हिंग नाइफसाठी मागे फट लांबवा. हे अनेक जण विसरतात, मग इन्सर्ट बसवायचं म्हणून नाइफच काढून टाकतात आणि पूर्वीपेक्षा जास्त धोक्यात जातात.

तुमच्यासारखं नवं मशीन नसून जुनं, गावातल्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगने बांधलेलं, पट्ट्यावर चालणारं कटर मशीन असेल तर त्याला नाइफ नसतेच. अशा वेळी मी इन्सर्टमध्येच, पात्याच्या लगेच मागे, चिरेच्या रेषेत हायलमची एक छोटी उभी पट्टी बसवतो. तिची जाडी पात्याच्या कापापेक्षा अगदी किंचित कमी, उदाहरणार्थ ३.२ मिमीच्या कापाला ३ मिमी. नाइफइतकी चांगली नाही, पण काहीच नसण्यापेक्षा खूप बरी.

तिसरी वस्तू स्लेड. इथे वेळ घाला. पूर्ण शनिवार गेला तरी चालेल.

त्याआधी एक तपासणी. टेबलातली खाच पात्याला समांतर आहे का? खाचेत बसणारी एक काठी घ्या, तिच्या टोकाला आडवा स्क्रू फिरवा. प्लग काढून पात्याच्या एका दातावर खडूची खूण करा. तो दात पुढे असताना स्क्रूचं डोकं त्याला जेमतेम टेकवा. मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे न्या, काठी खाचेत मागे सरकवा आणि पुन्हा बघा. दोन्हीकडे सारखंच घासलं पाहिजे. दात तोच ठेवायचा, कारण पातं स्वतः किंचित वाकडं असू शकतं. फरक आला तर मशीनच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे टेबल किंवा मोटरचे बोल्ट सैल करून जुळवा. हे नसेल तर पुढचा कितीही चांगला स्लेड काही उपयोगाचा नाही.

स्लेडचा तळ १२ मिमी प्लायचा, साधारण ७०० बाय ५०० मिमी. प्लाय चांगला घ्या. आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय कोकणातल्या पावसाला टिकतो. दुकानात शीट कडेवरून डोळ्याने बघा, पीळ असेल तर नको म्हणा. स्लेडवर आडव्या उभ्या राहणाऱ्या दोन फेन्ससाठी प्रत्येकी १८ मिमीच्या दोन पट्ट्या एकमेकींना फेविकॉलने चिकटवून ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा जाड काचेवर रात्रभर दाबून ठेवा. सरळपणा तिथूनच येतो.

आता खाचेत चालणाऱ्या पट्ट्या, रनर. माझा पहिला स्लेड मी मे महिन्यात बनवला. रनर सागवानाचे, खाचेत असे बसलेले की बघणाऱ्याने वाहवा करावी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात स्लेड जागचा हलेना. साधारण १९ मिमी रुंद पट्टी हवेतल्या ओलीने दोन दशांश मिमी जरी फुगली तरी अडकायला तेवढं पुरतं. म्हणून लाकूडच वापरायचं तर अशी पट्टी निवडा जिच्या टोकाकडून पाहिलं असता वार्षिक वलयांच्या रेघा उभ्या दिसतील. ती रुंदीत सर्वांत कमी फुगते. त्याहून बरं म्हणजे सहा सूत बाय तीन सूत ॲल्युमिनियमची पट्टी, किंवा भाजी कापायच्या पांढऱ्या एचडीपीई बोर्डातून काढलेली पट्टी. ॲल्युमिनियम खाचेत किंचित सैल वाटलं तर कडेवर दर दोन इंचांवर सेंटर पंचने हलका ठोका द्या. तिथे धातू जरासा उचलला जातो आणि डुगडुग जाते. तुमच्या खाचेचं माप आधी घ्या, सगळ्या मशीनची खाच सारखी नसते.

रनर तळाला जोडताना खाचेत आधी रुपयाची नाणी टाका म्हणजे रनर टेबलापेक्षा किंचित वर येतील. लाकडी रनर असेल तर वर फेविकॉल, ॲल्युमिनियमला किंवा एचडीपीईला दुहेरी टेप. त्यावर तळ मशीनच्या फेन्सच्या आधाराने ठेवा, वर वजन द्या. पकड बसल्यावर उलटा करून खालून स्क्रू मारा, डोकी आत बुडवून. स्क्रू मारल्यावर स्लेड घट्ट होतो, घाबरू नका. स्क्रूच्या भोवती लाकडी रनर फुगतो. दहा-बारा वेळा मागे-पुढे ढकलून स्लेड उलटा करा आणि खिडकीपाशी तिरकस उजेडात रनरची कड बघा. जिथे घट्ट आहे तिथे काळपट, चकचकीत डाग दिसेल, टेबलाच्या ॲल्युमिनियमची शाईच जणू. तेवढाच डाग स्क्रेपरने खरवडा, संपूर्ण कड नाही. पुन्हा ढकला, पुन्हा बघा. डाग पसरून सगळीकडे सारखा फिकट झाला की काम झालं. शेवटी तळाला साधं मेणबत्तीचं मेण घासा. सिलिकॉनचा स्प्रे मारू नका, तो लाकडावर लागला की पुढे पॉलिश धरत नाही.

पलीकडची फेन्स फक्त तळाचे दोन भाग धरून ठेवते, तिला गुण्यात, म्हणजे पात्याशी काटकोनात, असायची गरज नाही. आपल्या बाजूची फेन्स मात्र पक्की गुण्यात हवी. तिच्या उजव्या टोकाला एकच स्क्रू मारा, डावं टोक क्लॅम्पवर ठेवा. साध्या गुण्याने जुळवा, तळात चीर पाडा आणि मग पाच कापांची चाचणी घ्या.

सुमारे ४०० मिमी चौरसाचा प्लाय किंवा एमडीएफ घ्या. त्याची उजवी कड कापा. आता तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा म्हणजे नुकतीच कापलेली कड फेन्सला टेकेल. पुन्हा उजवी कड कापा. असं चार वेळा. पाचव्या कापाला साधारण अर्धा इंच रुंद पट्टी पडेल असं बघा, आणि ती पट्टी टाकू नका. तिच्या फेन्सकडच्या टोकावर आधीच पेन्सिलने खूण करून ठेवा. दोन्ही टोकांची रुंदी व्हर्नियरने मोजा. समजा फेन्सकडचं टोक १२.९० मिमी आणि लांबचं १२.३० मिमी भरलं. फरक ०.६० मिमी. ही चूक चार वेळा साठलेली आहे, म्हणून चारने भागा : ०.१५ मिमी, तेही ४०० मिमी लांबीत. तुमच्या फेन्सच्या स्क्रूपासून क्लॅम्पपर्यंत ६०० मिमी अंतर असेल तर तिथे चूक ०.१५ गुणिले दीड, म्हणजे ०.२२ मिमीच्या आसपास. फेन्सकडचं टोक जाड आहे, म्हणून फेन्सचं डावं टोक तेवढंच पुढे, आपल्यापासून दूर ढकलायचं. ते बारीक असतं तर आपल्याकडे ओढायचं.

०.२२ मिमी हाताने ढकलता येत नाही. फेन्सच्या मागे, तिला टेकवून, एक ठोकळा तळाला क्लॅम्प करा. आता फेन्सचा क्लॅम्प सैल करून ठोकळा आणि फेन्स यांच्यामध्ये गॅरेजवाल्यांकडचा फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पानांचा जुडगा) घाला, त्यातलं ०.२० चं पान किंवा असलं तर ०.२२ च्या आणखी जवळचं. फेन्स त्याला टेकवून आवळा. पुन्हा पाच काप. दोन किंवा तीन खेपांत पाचव्या पट्टीच्या दोन टोकांत ०.१० मिमीपेक्षा कमी फरक उरतो. मी तिथे थांबतो. पेट्यांसाठी आणि देव्हाऱ्यांसाठी ते भरपूर आहे. आता बाकीचे स्क्रू मारून फेन्स कायमची पक्की करा.

एक राहिलं, आणि ते विसरू नका. फेन्सच्या मागे, पातं जिथून बाहेर येतं तिथे, दोन-तीन इंच जाड ठोकळा चिकटवा. काप संपवताना अंगठा नेमका तिथेच येतो. ठोकळ्याला लाल रंग द्या.

चौथ्या जागी दोन वस्तू, पट्टीचा थांबा आणि फणी, मी एकत्र सांगतो, कारण आपल्याकडच्या कामात त्या एकत्रच लागतात. प्लायच्या कडेला लावायच्या सागवानी लिपिंग पट्ट्या आठवा, दोन सूत जाडीच्या, एकसारख्या, वीस-पंचवीस. अशी बारीक पट्टी फेन्स आणि पात्याच्या मध्ये कापणं धोक्याचं, ढकलायला जागाच उरत नाही. त्याऐवजी पट्टी पात्याच्या डाव्या बाजूला पडू द्या. एका प्लायच्या तुकड्याला डाव्या खाचेत बसणारा रनर लावा, पुढे एक गोल डोक्याचा स्क्रू. स्क्रूचं डोकं आणि पात्याचा दात यांतलं अंतर म्हणजे पट्टीची जाडी. हा थांबा पात्याच्या अलीकडे, आपल्या बाजूला ठेवा, पात्याच्या शेजारी नाही. फळी थांब्याला टेकेल अशी फेन्स सरकवा, कापा, पुन्हा सरकवा. प्रत्येक पट्टी सारखी येते आणि ढकलायची रुंद फळी मात्र पुश ब्लॉकखाली राहते.

फळी फेन्सला दाबून धरायला फणी. इंग्रजीत तिला पिसाचं नाव आहे, आमच्याकडे फणीच म्हणतात आणि दिसतेही तशीच. सरळ रेषांचं लाकूड घ्या, टोक ३० अंशांत कापा, त्या टोकापासून रेषांच्या दिशेने दोन-सव्वादोन इंच लांब चिरा पाडा, दोन चिरांमध्ये एक सूत लाकूड ठेवा. दाते पुढे झुकलेले, म्हणजे लाकूड पुढे जातं, मागे यायला लागलं की दाते अडवतात. फणीही पात्याच्या अलीकडेच. पात्याच्या बाजूला लावली तर ती चीर मिटवते आणि पातं जाम करते.

पेट्या बनवता म्हणून बोटांच्या सांध्याचा (दोन फळ्यांची बोटं एकमेकांत गुंततात त्या सांध्याचा) फर्माही हवासा वाटेल. बनवा, पण हे सगळं झाल्यावर. बऱ्याच पोर्टेबल मशीनचा शाफ्ट रुंद खाच पाडणाऱ्या डॅडो पात्यांसाठी नसतो, म्हणून एकाच पात्याच्या ३.२ मिमी कापावर काम करा. लहान पेटीवर तेवढी बारीक बोटं फार सुंदर दिसतात. फणसाच्या पिवळ्या लाकडावर तर विशेष. आधीची खाच जिच्यावर बसवून पुढची कापायची त्या खुंटीला ३ मिमी हायलम आणि त्यावर मास्किंग टेपचे थर, कापात अडखळत न बसता घट्ट बसेपर्यंत. पातं आणि खुंटी यांच्यातलं अंतर म्हणजे बोटाची जाडी. सांधा घट्ट आला तर खुंटी पात्याच्या किंचित जवळ आणा, सैल आला तर लांब न्या. आलटून-पालटून तिरप्या धारेच्या दातांनी खाचेच्या तळाशी दोन छोटी टोकं राहतात. ती नको असतील तर सपाट दातांचं पातं घ्यावं लागेल.

तुमच्या दहा बाय चौदाच्या शेडमध्ये वेगळं आउटफीड टेबल (कापून पुढे जाणारी फळी झेलणारं) मावणार नाही. कामाचा बेंच मशीनच्या मागे ठेवा आणि त्याची उंची टेबलापेक्षा दोन मिमी कमी करा. आठ फुटी फळी त्यावर अलगद उतरते. रोलरचा स्टँड मला आवडत नाही, जरा वाकडा लागला तर फळी बाजूला खेचतो.

सगळ्या वस्तूंना वर एक भोक पाडून भिंतीला टांगा, आणि प्रत्येकीवर मार्करने लिहा : कुठल्या पात्यासाठी, कुठली खाच, कधी जुळवली. पावसाळा सुरू झाला की स्लेडवर पुन्हा एकदा पाच काप घ्या. माझ्याकडे त्या पाचव्या पट्ट्या दरवर्षी जून महिन्याच्या तारखेसह एका खिळ्याला अडकवलेल्या असतात. कुठल्या वर्षी स्लेड किती हलला ते त्यांच्या टोकांवरून लगेच दिसतं.